जपानात घर मांडताना: निघण्यापासून पहिल्या वर्षापर्यंत

जपानला निघालेल्या माणसाला पुण्या-मुंबईत जो तो दोनच गोष्टी शिकवतो: वाकून नमस्कार कसा करायचा आणि चॉपस्टिक्स कशा धरायच्या. शिकून घ्याव्यात, पण तिथल्या रोजच्या जगण्यात या दोन्हींचा नंबर बराच खाली लागतो. परदेशी माणूस कमी वाकला म्हणून कुणी मनात धरत नाही. मंगळवारचा कचरा सोमवारी रात्रीच बाहेर ठेवला, रात्री अकराला वॉशिंग मशीन लावलं, वेळ ठरवून न कळवता गेलोच नाही, तर मात्र मनात धरलं जातं. आणि ते तोंडावर कुणी बोलून दाखवत नाही, त्यामुळे आपलं काय चुकलं हे आपल्याला महिनोन्‌महिने कळत नाही. म्हणून इथे मी क्रम तसाच ठेवला आहे: ज्यानं दुसऱ्याला त्रास होतो ते आधी आणि सविस्तर, बाकीचं थोडक्यात.

उदाहरणं मुख्यतः टोकियोची आहेत. आपली बरीच मंडळी एदोगावा भागात, निशि-कासाइच्या आसपास राहतात. २००० सालच्या सुमारास आयटीवाले आले आणि तोझाइ या मेट्रो लाइननं थेट ऑफिसांच्या ओतेमाची भागात जाता येतं म्हणून इथे स्थिरावले. ओसाका, नागोया किंवा एखाद्या छोट्या गावात तपशील बदलतील, रीत तीच राहील.

निघण्यापूर्वी

औषधांपासून सुरुवात करा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिना पुरतील एवढी सोबत नेता येतात. त्याहून जास्त न्यायची असतील तर 'युन्यु काकुनिन्शो' नावाची परवानगी आधी काढावी लागते. आपल्याकडे सर्दीसाठी सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. त्याचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं आधी वेगळी परवानगी काढल्याशिवाय जपानात नेता येत नाहीत. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. आईनं प्रेमानं भरलेला औषधांचा डबा एकदा पूर्ण रिकामा करून प्रत्येक पाकिटावरचे घटक वाचा.

मिक्सर नेऊ नका. जपानात वीज १०० व्होल्टची, आपला मिक्सर २३० व्होल्टचा. तो कण्हत फिरेल, चटणी होणार नाही. इडली-डोशाचं पीठ दळायचंच असेल तर व्होल्टेज वाढवणारा जड ट्रान्सफॉर्मर लागतो. तवा आणि कुकर नेणार असाल तर तळाला लोहचुंबक चिकटतो का ते बघा, कारण बऱ्याच घरांत गॅसऐवजी आयएच (इंडक्शन) शेगडी असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचं साधं भांडं तापत नाही.

कुटुंबासह जात असाल तर लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले जपानी भाषांतरासह हाताशी ठेवा. वॉर्ड ऑफिसात नातं सिद्ध करायला लागतात.

आता नावाचं बघू. जपानात तुमचं नाव ठिकठिकाणी काताकाना लिपीत लिहावं लागेल. कुलकर्णी तिथे 'कुरुकारुनि' होतात, देशपांडे 'देशुपान्दे'. मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव धरून ते कसं लिहायचं हे एकदाच ठरवा, कागदावर उतरवा आणि बँक, विमा, ऑफिस, फोन सगळीकडे अगदी तसंच लिहा. एका अक्षराचा, एका लांब स्वराचा फरक पडला तरी बँकेतले पैसे परत जातात.

पहिले १४ दिवस

नारिता, हानेदा, कान्साइ अशा मोठ्या विमानतळावर उतरलात तर तिथेच रेसिडेन्स कार्ड हातात मिळतं. १६ वर्षांवरील प्रत्येकानं ते कायम जवळ बाळगायचं असतं. कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही पाकिटात हवं.

घराचा पत्ता ठरला की १४ दिवसांच्या आत तिथल्या कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, जाऊन नोंद करायची. छोट्या शहरांत त्यालाच शियाकुशो म्हणतात. कार्डाच्या मागे पत्ता छापून मिळतो. कंपनीचा आरोग्यविमा नसेल तर राष्ट्रीय आरोग्यविम्याचं काम त्याच फेरीत उरकून घ्या. विमा असला की दवाखान्यात बिलाचा साधारण ३० टक्के भाग आपण भरायचा. नंतर १२ आकडी 'माय नंबर' पोस्टानं येतो. तो येण्यासाठी पत्रपेटीवर तुमचं नाव असणं गरजेचं आहे. नाव नसलं की पोस्टमन पत्र परत नेऊ शकतो, म्हणून किल्ली मिळाली त्याच दिवशी काताकाना आणि रोमन अशा दोन्ही लिपींत नावाची चिठ्ठी चिकटवा.

या ऑफिसांतून बाहेर पडताना हातात कागदांचा गठ्ठा येतो: कचऱ्याचं वेळापत्रक, पुराचा नकाशा, जवळच्या दवाखान्यांची यादी. रद्दी समजून टाकू नका. जपानात नियम सांगायला माणूस क्वचितच येतो, नियम कागदावर येतो. फोनचा कॅमेरा रोखून भाषांतर वाचायची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. एदोगावासारख्या भागात बरेच कागद इंग्रजीतही मिळतात. मागितले तर.

घर घेताना

भाड्याच्या घरात शिकिकिन म्हणजे अनामत, आणि रेइकिन म्हणजे मालकाला दिलेली, परत न मिळणारी रक्कम. दोन्ही बहुधा एक-एक महिन्याच्या भाड्याएवढ्या. शिवाय एजंट, हमीदार कंपनी, आणि टोकियोत दर दोन वर्षांनी करार वाढवायचे पैसे. काही मालक परदेशी भाडेकरू घेतच नाहीत. एजंट हे नम्रपणे सांगतो. ऐकून वाईट वाटतं आणि वाटायलाही हवं, पण त्याच्याशी वाद घालून घर मिळत नाही. यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या घरांना रेइकिन, एजंटचं कमिशन, हमीदार आणि नूतनीकरणाचे पैसे यातलं काहीच लागत नाही. निशि-कासाइतली कितीतरी भारतीय कुटुंबं यूआरच्या घरांत राहतात त्याचं कारण हेच.

इमारत कधीची हे जरूर विचारा. जून १९८१ पासून भूकंपरोधक बांधकामाचे नियम कडक झाले. त्यानंतर परवानगी मिळालेली इमारत घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

सामान लावण्याआधी रिकाम्या घराचे फोटो काढा: भिंतीवरचे ओरखडे, जमिनीवरचे डाग, नळाखालची बुरशी. घर सोडताना दुरुस्तीचा हिशेब यावरच ठरतो.

शेजाऱ्यांकडे पहिली भेट

राहायला आल्यावर आठवडाभरात शेजाऱ्यांना भेटून यावं. फ्लॅट असेल तर डावीकडचं, उजवीकडचं, वरचं आणि खालचं अशी चार दारं. स्वतंत्र घर असेल तर समोरची तीन आणि दोन्ही बाजूंची. सोबत ५०० ते १००० येनची साधी वस्तू न्यायची: हात पुसायचा टॉवेल, बिस्किटांचं पाकीट, कपड्यांचा साबण. महागडं काही नेलं तर समोरच्यावर परतफेडीचं ओझं होतं. शनिवार-रविवारी सकाळी दहानंतर आणि अंधार पडायच्या आत जा.

बेल वाजली की आतून इंटरकॉमवर आवाज येईल. दार उघडेपर्यंत थांबू नका, तिथेच सांगा: "हाजिमेमाश्ते, सान्-मारु-नि नि हिक्कोशिते किता कुरुकारुनि देस." म्हणजे ३०२ नंबरमध्ये राहायला आलेली मी कुलकर्णी. दार उघडल्यावर वस्तू दोन्ही हातांनी द्यायची आणि "योरोशिकु ओनेगाइ शिमास", म्हणजे लोभ असू द्या, म्हणायचं. लहान मूल असेल तर त्याला सोबत न्या आणि खालच्या मजल्यावर आवर्जून सांगा की घरात लहान मूल आहे, पळापळीचा आवाज आला तर कळवा. दोन मिनिटांचं काम आहे. चेहरा ओळखीचा झालेल्या मुलाच्या धावण्याचा त्रास निम्मा वाटतो, हे मी कितीतरी घरांच्या बाबतीत पाहिलं आहे.

दोनदा जाऊनही दार उघडलं नाही तर छोट्या चिठ्ठीसह वस्तू दाराच्या मुठीला अडकवून या. एकेकटी माणसं राहतात अशा इमारतींत, विशेषतः एकट्या राहणाऱ्या मुलींच्या बाबतीत, हल्ली ही पद्धत मागे पडते आहे आणि ते सुरक्षिततेच्या दृष्टीनं योग्यच आहे. कुटुंबानं मात्र चुकवू नये.

कचरा

परदेशी माणसाबद्दल इमारतीत पहिलं मत बनतं ते कचऱ्याच्या जागेवर.

वर्गवारी गावागणिक बदलते. शिकोकू बेटावरच्या कामिकात्सु गावानं २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा ठराव केला आणि तिथले लोक ४० हून अधिक प्रकारांत कचरा वेगळा करतात. टोकियोत एवढं नाही. जळणारा कचरा, न जळणारा कचरा, प्लास्टिकची वेष्टनं, कागद-पुठ्ठा, बाटल्या, डबे आणि पेट (PET) बाटल्या, म्हणजे पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या, एवढे प्रकार सांभाळले की झालं. जळणारा कचरा बहुतेक ठिकाणी आठवड्यातून दोनदा उचलतात, न जळणारा महिन्यातून एक-दोनदा. त्या दिवशी सकाळी, बऱ्याच भागांत आठच्या आत, ठरलेल्या जागी ठेवायचा. आदल्या रात्री नाही, कारण पहाटे कावळे पिशव्या फोडतात. जागेवर जाळी असते. पिशवी जाळीखाली सारून कड नीट खाली ओढायची, नुसती वर टाकून निघायचं नाही. टोकियोच्या २३ वॉर्डांत पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक पिशवी चालते. अनेक गावांत पालिकेनं ठरवलेली पिशवीच विकत घ्यावी लागते.

चहाची एक पेट बाटली संपली की काय करायचं ते बघा. झाकण काढायचं. बाटलीवरच्या लेबलला टोचे मारलेली एक रेघ असते, तिथून ते सोलायचं. झाकण आणि लेबल प्लास्टिकच्या पिशवीत. बाटलीत थोडं पाणी घालून खळखळवायची, उपडी करून निथळायची, पायानं चपटी करायची आणि पेट बाटल्यांच्या दिवसापर्यंत वेगळी ठेवायची. दुधाचा पुठ्ठ्याचा खोका धुऊन, कात्रीनं उलगडून, वाळवून सुपरमार्केटच्या दाराशी असलेल्या पेटीत टाकायचा. खाद्यपदार्थ ज्यांत येतात त्या पांढऱ्या थर्मोकोलच्या ताटल्यांचंही तेच. हात बसला की यात काहीच वेळ जात नाही.

आपल्या स्वयंपाकातून निघणारा ओला कचरा, म्हणजे चहाचा चोथा, आंब्याच्या कोयी, भाज्यांची देठं, जळणाऱ्या कचऱ्यातच जातो. फक्त पाणी पूर्ण निथळून आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. दिवाळीत चकल्या, करंज्या तळल्यावर कढईभर तेल उरतं. ते सिंकमध्ये कधीही ओतू नका. सुपरमार्केटमध्ये तेल घट्ट करायची पूड मिळते. गॅस बंद करून तेल गरम असतानाच ती ढवळायची. गार झालं की तेलाची वडी बनते, ती उलथन्यानं सोडवून जळणाऱ्या कचऱ्यात टाकायची. तेल थोडंच असेल तर वर्तमानपत्रात टिपून घेतलं तरी चालतं.

स्प्रेचे डबे, गॅसची नळकांडी आणि फोनच्या, पॉवर बँकेच्या लिथियम बॅटऱ्या इतर कचऱ्यात मिसळू नका. कचऱ्याच्या गाड्यांना त्यांनी आगी लागतात. त्यांची वेगळी सोय वेळापत्रकात दिलेली असते.

टोकियोच्या २३ वॉर्डांत ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू, म्हणजे गादी, खुर्ची, सुटकेस, 'सोदाइ गोमि'त, म्हणजे मोठ्या आकाराच्या कचऱ्यात, मोडते. फोनवर किंवा संकेतस्थळावर दिवस ठरवायचा, कोपऱ्यावरच्या कन्व्हीनिअन्स स्टोअरमधून सांगितलेल्या किमतीचं स्टिकर घ्यायचं, चिकटवायचं, सकाळी बाहेर ठेवायचं. डिसेंबरअखेरीस आणि मार्चमध्ये तारखा लवकर भरतात. एसी, टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन पालिका घेतच नाही. २००१ पासून लागू असलेल्या कायद्यानं त्यांच्या पुनर्वापराचे पैसे वापरणाऱ्यानं भरायचे असतात. मायदेशी परतणाऱ्यांची इथे फार धावपळ होते, तेव्हा महिनाभर आधी विचार करा.

पिशवी चुकली तर कर्मचारी तिच्यावर कारण लिहिलेलं स्टिकर लावून ती तिथेच सोडून जातात. ती परत उचलून आणायची, नीट करायची आणि पुढच्या दिवशी ठेवायची. सोडून दिली तर ती दिवसभर सगळ्या इमारतीला दिसते.

आवाज आणि वास

जपानी घरांच्या भिंती आणि जमिनी बहुधा पातळ असतात. लाकडी अपार्टमेंटमध्ये तर शेजाऱ्याचा खोकलाही ऐकू येतो. रात्री नऊनंतर वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम क्लीनर, मिक्सर आणि व्यायाम बंद. सकाळी सातच्या आधीही नाही. खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे लावा. मुलं असतील तर जाड फोमचे चौकोनी तुकडे जोडून जमीन झाका. ते शंभर येनच्या दुकानातही मिळतात. भारतातले फोन जपानच्या वेळेनुसार रात्री उशिरा होतात, तेव्हा बाल्कनीत उभं राहून बोलू नका. शेजारचा माणूस दोन हातांच्या अंतरावर झोपलेला असतो.

तक्रार आली तर ती अशी येते: इमारत सांभाळणारी कंपनी लिफ्टजवळ एक सूचना लावते की हल्ली रात्री पावलांचा आवाज येतो, सर्वांनी काळजी घ्यावी. कुणाचं नाव नसतं. तीच सूचना प्रत्येकाच्या पत्रपेटीतही पडते. अशी सूचना दिसली की ती आपल्यासाठीच असेल असं धरून चाला आणि आठवडाभर घरातल्या सवयी तपासा. सूचना सगळ्यांसाठी आहे म्हणून दुर्लक्ष केलं तर दुसरी सूचना जरा कडक असते आणि तिसरा फोन ऑफिसला जातो, घर कंपनीनं दिलेलं असेल तर.

फोडणीचा वास हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी ठामपणे बोलणार आहे: आपलं जेवण सोडायची काहीच गरज नाही. हिंग-मोहरीची फोडणी करताना एक्झॉस्ट फॅन पाच मिनिटं आधी लावा, संपल्यावर अर्धा तास चालू ठेवा, आणि जिन्याकडचं दार-खिडकी बंद ठेवा. शेजाऱ्यांचे कपडे बाल्कनीत वाळत असतात आणि मसाल्याचा वास कपड्यांत बसतो. तळण किंवा सुकं खोबरं भाजणं असं काही दुपारच्या वाळवणाच्या वेळेत काढू नका. कुकरची शिट्टी पातळ भिंतीपलीकडे दचकवते. जपानात मिळणारे कुकर शिट्टी न वाजवता हळू वाफ सोडतात. एक घेऊन टाका.

सण करायचेच. फक्त धूप आणि कापूर जपून, कारण जपानात प्रत्येक घरात आगीची सूचना देणारं यंत्र कायद्यानं सक्तीचं आहे आणि ते छतावर लगेच ओरडतं. टाळ-झांजांची आरती घरात असेल तर संध्याकाळी लवकर आणि आवाज आवरून. चार घरं जमणार असतील तर वॉर्डाचं सभागृह भाड्यानं मिळतं, स्वस्त असतं. तिथे मनसोक्त आरत्या म्हणा. विसर्जन नदीत किंवा समुद्रात नाही, शाडूची मूर्ती घरीच बादलीत. गणपतीचं दर्शन घ्यावंसं वाटलं तर आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन मंदिरात जा. तिथले कांगितेन हे गणेशाचंच जपानी रूप. मूर्ती भाविकांना दाखवत नाहीत, आणि नैवेद्याला मुळा असतो. मोदकाच्या जागी मुळा पाहून आपल्याला नवल वाटतं, पण मन भरून येतं.

दार, चपला, न्हाणीघर

चपला दारातल्या खालच्या पायरीवर काढायच्या, टोकं दाराकडे वळवून ठेवायच्या. बाहेरचा पाय वर नाही आणि मोज्यांचा पाय खाली नाही. घरातल्या स्लिपर्स तातामीवर, म्हणजे गवताच्या चटयांच्या जमिनीवर, पाय ठेवायच्या आधी काढायच्या, आणि संडासाच्या स्लिपर्स संडासातच ठेवायच्या. आपल्याकडे चपला बाहेर काढायची सवय असतेच, त्यामुळे हे अवघड जात नाही. मोजे फाटके नकोत एवढं बघा.

टबमध्ये उतरायच्या आधी बाहेर बसून साबणानं पूर्ण अंघोळ करायची. टब अंग शेकायला असतो आणि त्याच पाण्यात घरातले सगळे बसतात, म्हणून कुणाच्या घरी पाहुणे असाल तर पाणी सोडून देऊ नका, झाकण लावा. सार्वजनिक स्नानगृहात आणि ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या स्नानगृहातही, हीच रीत. तिथे कपडे पूर्ण काढायचे असतात आणि छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नसतो. गोंदण असेल तर चालतं का ते आधी विचारा.

रस्ता, रेल्वे, सायकल

रेल्वेत फोन सायलेंट आणि बोलणं बंद. गर्दीत पाठीवरची बॅग पुढे घ्यायची. दाराच्या दोन्ही बाजूंना रांग, उतरणारे आधी. एस्कलेटरवर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. मात्र चालत चढणं हळूहळू बंद करायचा प्रयत्न चालू आहे: साइतामा प्रांतानं ऑक्टोबर २०२१ पासून आणि नागोया शहरानं ऑक्टोबर २०२३ पासून एस्कलेटरवर थांबूनच जायचा नियम केला. सकाळच्या गर्दीत काही डबे फक्त महिलांसाठी असतात. फलाटावर जमिनीवर ते लिहिलेलं असतं.

सायकलबद्दल लोक गाफील राहतात. सायकल घेताना चोरीविरोधी नोंदणी तुमच्या नावावर करून घ्या. मित्राकडून जुनी घेतली तर नोंदणी बदलून घ्या, नाहीतर पोलिसानं थांबवल्यावर ती तुमचीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. टोकियोत सायकलचा विमा सक्तीचा आहे. रस्त्याच्या डावीकडून चालवायची, अंधारात दिवा, डबलसीट नाही, हातात छत्री नाही, आणि एक घोट बिअर घेतली असेल तर सायकलही नाही. एप्रिल २०२६ पासून १६ वर्षांवरील सायकलस्वारांना जागेवर दंडाची पावती मिळते. चालवताना हातात फोन दिसला तर १२,००० येन.

दुकानात पैसे हातात देण्याऐवजी समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे. टीप कुठेच द्यायची नाही.

खाणं

चॉपस्टिक्सचे नियम बरेच आहेत, दोन मात्र मोडू नका. भातात त्या उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी अंत्यविधीतल्या आहेत: मृताच्या पुढे ठेवलेला भात आणि दहनानंतर अस्थी उचलणं. बाकी वाडगा हातात उचलून खाणं, नूडल्स आवाज करत ओढणं, सगळं चालतं.

शाकाहारी माणसाची खरी अडचण मांसाची नसून दाशीची आहे. सूप, सॉस, उकडलेली भाजी, सोबाचा, म्हणजे बकव्हीटच्या नूडल्सचा, रस्सा, जवळजवळ सगळ्यात सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. "मांस नको" म्हटलं तर हॅम, चिकन किंवा मासा येऊ शकतो, आणि वाढणारा फसवत नसतो, त्याच्या हिशेबात तो पदार्थ मांसात बसत नाही. म्हणून मांस, चिकन, मासा, अंडं आणि माशाची दाशी हे एकेक शब्द जपानीत लिहिलेली चिठ्ठी फोनमध्ये ठेवा आणि तीच दाखवा. गर्दीच्या वेळी आधी फोन करून विचारणं चांगलं. मंदिरांतलं शोजिन र्‍योरि हे जेवण मुळातच शाकाहारी असतं, त्याची दाशी समुद्रशैवाल आणि शिताके आळंब्यांची असते. पाकिटबंद पदार्थांवर काही ॲलर्जीकारक घटक लिहिणं बंधनकारक आहे, त्यांत हे येतात: अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड. गोमांस, डुकराचं मांस, जिलेटिन सक्तीचे नाहीत, पण पुष्कळ कंपन्या लिहितात. ब्रेड घेतानाही पाकीट उलटून बघा, डुकराची चरबी असू शकते.

ऑफिस

ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचणं म्हणजे वेळेवर. उशीर होणार असं वाटलं की लगेच कळवा, उशीर झाल्यावर नाही. गाडी लेट असेल तर स्टेशनवर किंवा रेल्वेच्या संकेतस्थळावर तसा दाखला मिळतो, तो जोडा.

काम अर्धं झालं तरी सांगायचं, अडलं तर लगेच सांगायचं, न विचारता मध्येच सांगायचं. भारतात "झालं की सांगतो" हा भरवशाचा शब्द असतो. इथे आठवडाभर गप्प बसलेला माणूस काळजीचा विषय होतो. चर्चेत समोरचा "हाइ, हाइ" (हो, हो) म्हणतो ते ऐकतोय म्हणून, मान्य आहे म्हणून नाही. "विचार करून बघतो" किंवा "जरा अवघड आहे" हे बहुतेक वेळा नकार असतात. पुन्हा रेटू नका, दुसरा पर्याय घेऊन जा.

निघताना "ओसाकि नि शित्सुरेइ शिमास", म्हणजे तुमच्या आधी निघतोय, माफ करा, असं म्हणून निघा. संध्याकाळच्या पार्टीत सगळ्यांचे पेले भरून "कान्पाइ" (चिअर्स) होईपर्यंत ओठ लावायचा नाही, आणि शेजाऱ्याचा पेला रिकामा दिसला की आपण भरायचा. दारू पीत नसाल तर ऊलाँग चहा मागवा, कुणी आग्रह करत नाही. बिल बहुधा सगळ्यांत वाटून घेतात.

देणं-घेणं

सुट्टीवरून परतताना ऑफिससाठी खाऊ आणायचाच. एकेक नग वेगळा गुंडाळलेला, टिकाऊ आणि फार गोड नसलेला. काजूकतलीचे छोटे तुकडे आवडतात, गुलाबजाम जड होतात. चिक्की नेली तर शेंगदाणा आहे हे लिहून ठेवा. भेट दोन्ही हातांनी, आणि चाराचा संच टाळून, कारण चारचा उच्चार मृत्यूसारखा होतो. कुणी मोठी भेट दिली तर तिच्या साधारण निम्म्या किमतीची परतभेट काही आठवड्यांत द्यायची. आणि एक गोष्ट आपल्याला नवीन असते: आभार दोनदा मानायचे. त्या दिवशी एकदा, आणि पुढच्या भेटीत आठवणीनं पुन्हा, "कोनो आइदा वा आरिगातोउ गोझाइमाश्ता." दुसऱ्यांदा मानलेल्या आभारांनी माणसं जवळ येतात.

भूकंप आणि पूर

याची तयारी हीसुद्धा इथली चालीरीतच आहे, आणि ती सगळ्यात मनापासून पाळावी.

बातम्यांत मॅग्निट्यूडपेक्षा 'शिंदो' बघा. तो आपल्या जागी किती हललं ते सांगतो: ० ते ७, आणि ५ व ६ चे प्रत्येकी दोन भाग. फोनवर भूकंपाची धोक्याची घंटा वाजली की टेबलाखाली, डोकं झाकून. हलणं थांबल्यावर शेगडी बंद, मग दार उघडून वाट मोकळी. शिंदो ५ च्या आसपास गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. तो कसा पुन्हा चालू करायचा ते आजच मीटरवर वाचून ठेवा. उंच कपाटं भिंतीला पक्की करा, पलंगाजवळ जोडे आणि विजेरी ठेवा, माणशी रोज ३ लिटर हिशेबानं किमान तीन दिवसांचं पाणी साठवा. पोलिसांसाठी ११०, आग आणि रुग्णवाहिकेसाठी ११९, आणि मोठ्या आपत्तीत घरच्यांसाठी निरोप ठेवायला १७१. कांतोच्या १९२३ च्या महाभूकंपाची आठवण म्हणून १ सप्टेंबरच्या सुमारास सगळीकडे सराव होतात. तिथे जा. शेजारी ओळखीचे होतात आणि अग्निशामक नळकांडं हातात धरायला मिळतं.

एदोगावात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. या वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डानं काढलेल्या पुराच्या नकाशाच्या मुखपृष्ठावरच छापलं होतं की इथे थांबू नका. मोठ्या वादळाची सूचना आली तर आपण कुठे, कुणाकडे, कोणत्या गाडीनं जायचं हे घरात आधी ठरवून ठेवा.

मुलं

प्राथमिक शाळेत मुलं चालत, बहुधा गटानं आणि पालकांशिवाय जातात. आपल्याला धडकी भरते, पण पहिले काही दिवस मागून चालत जा आणि मग सोडा. शाळेतल्या जेवणात गोमांस, डुकराचं मांस असतं. मुख्याध्यापकांशी प्रवेशाच्या वेळीच बोला, बहुतेक शाळा डबा नेऊ देतात. पाळणाघरात ताप ३७.५ अंशांच्या वर गेला की फोन येतो आणि पालकानं येऊन न्यायचं असतं. त्या दिवशी कोण जाणार हे आधीच ठरलेलं हवं.

पहिलं वर्ष सरताना

चोउनाइकाइ, म्हणजे गल्लीची संघटना, वर्गणी मागायला येईल. महिन्याला काहीशे येन असतात. सक्ती नाही, पण द्या. फिरती सूचनावही आली की वाचून, सही करून लगेच पुढच्या घरी पोचवा. सफाईच्या रविवारी हातमोजे घालून अर्धा तास उभे राहा. जपानी येत नसली तरी त्या अर्ध्या तासात ओळखी होतात.

दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर. हातात येणारा पगार अचानक कमी झाला म्हणून घाबरू नका, पण आधीपासून बाजूला काढून ठेवा. नोकरी सोडली किंवा देश सोडला तरी तो भरावाच लागतो. व्हिसा वाढवायचा अर्ज मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि तेव्हा या कराचे दाखले बरेचदा मागतात, म्हणून पावत्या एका फाइलमध्ये लावून ठेवा. घर सोडायचं असेल तर करारात किती आधी कळवायचं ते बघा, बहुधा एक महिना. आणि शहर बदलताना जुन्या वॉर्डात बाहेर जात असल्याची नोंद करा, नव्या वॉर्डात पुन्हा १४ दिवसांच्या आत.